पिवळ्या बोटांचा पेपर

फेब्रुवारी सरत आला की सांगलीहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीत मी खिडकी उघडी ठेवून बसते. नदीवरचा पूल मागे पडतो, तोडून मोकळे झालेले उसाचे फड लागतात आणि मग एका वळणावर तो वास येतो. शिजणाऱ्या हळदीचा. फोडणीच्या डब्यातली हळद ज्यांना माहीत आहे त्यांना हा वास ओळखता यायचा नाही. ओली माती, कच्चे कंद, वाफ आणि जळणारं पाचट असं सगळं त्यात एकत्र असतं. तो घशाशी जरा अडकतो आणि साडीला संध्याकाळपर्यंत सोडत नाही. शेजारची बाई पदर नाकाला न लावता म्हणते, "बॉयलर लागला वाटतं कुणाचा." तिला तो वास आवडतो. मलाही पूर्वी आवडायचा. आता तो आला की माझं डोकं फिरतं.

कारण हळद शिजायला लागते तेव्हाच आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात परीक्षांचे दिवस येतात. आधी बारावीची बोर्डाची, पाठोपाठ अकरावीची वार्षिक. मी तिथे गणित शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे पुढच्या जूनमध्ये मला पुन्हा बोलावतील की नाही हे मला दरवर्षी जूनमध्येच कळतं. स्टँडवर उतरलं की समोर फ्लेक्स असतो. संस्थेच्या अध्यक्षांचा हसरा फोटो, प्राचार्यांचा गंभीर फोटो, आणि मध्ये भल्यामोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. त्या फ्लेक्सखालून मी रोज जाते. रोज मनातल्या मनात एक शिवी हासडते. शिक्षिकेला शोभत नाही, ठाऊक आहे मला.

या दिवसांत माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे हात पिवळे असतात. पहाटे रानात जाऊन काढलेली हळद गोळा करायची, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची, शिजलेली पसरायची आणि मग दप्तर उचलून कॉलेज गाठायचं. फळ्याजवळ आलेल्या पोरीनं खडू घेतला की खडूवर पिवळं बोट उमटतं. सुरुवातीला, मी नवी होते तेव्हा, एका पोराला म्हटलं होतं, "हात धुऊन यायचं ना रे." तो बिचारा लाजला नाही, चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "धुतलेच हायत म्याडम. ही धुऊन जायाची न्हाई. आपोआप जाती, पाडव्यापातुर." खरंच आहे ते. हळद साबणाला दाद देत नाही. अंगठ्याच्या रेषांत आणि नखांच्या कडेला ती मुक्काम ठोकून बसते.

अकरावी शास्त्राचं गणित म्हणजे दोन पुस्तकं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या पोरांच्या हातात ती एकदम इंग्रजीतून येतात. जूनमध्ये पहिल्या तासाला सगळा वर्ग माझ्याकडे असा बघतो, जणू मीच काहीतरी गुन्हा केला आहे. मग मी फळ्यावर इंग्रजीत लिहिते, तोंडानं मराठीत सांगते, आणि अधूनमधून माझ्या साताऱ्याच्या बोलीत एखाद्याला झापते. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते. दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी विकलन येतं, म्हणजे एखादी गोष्ट कोणत्या क्षणी किती वेगानं बदलते आहे ते काढायची रीत. बारावीचं निम्मंअधिक गणित तिच्यावर उभं आहे. आणि नेमकी तीच घाईघाईनं उरकायची, नाहीतर सरळ सोडून द्यायची, असा आमच्याकडे रिवाज पडला आहे. का, तर पुढच्या प्रवेश परीक्षेत अकरावीचं थोडंच येतं. जे थोडं येतं ते ऑप्शनला टाकायचं.

'ऑप्शनला टाकणे' हे ज्यानं कुणी शोधून काढलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. धडा कशाबद्दल आहे हे पोरांना ठाऊक नसतं, पण तो किती मार्काला येतो हे पाठ असतं. त्रिकोणमिती किती मार्काची, सदिश किती मार्काचे, संभाव्यता सोडली तर चालेल का. झेरॉक्सच्या दुकानात 'हमखास येणारी गणितं' म्हणून पुडकं मिळतं, आणि ते पुडकं विकणाऱ्याचा पोरगाही माझ्याच वर्गात बसतो. एकदा एक मुलगा तास संपल्यावर मागं थांबला आणि अगदी मनापासून विचारता झाला, "म्याडम, हे समजून घ्यायचं हाय का नुसतं पाठ करायचं?" मी रागावणार होते. पण त्याचा काय दोष? दोन्ही गोष्टी वेगळ्या असतात, हे त्याला आमच्यासारख्यांनीच शिकवलं होतं.

तीन-चार वर्षांपूर्वी अनुजा मगदूम माझ्या वर्गात आली. मध्यम उंचीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. तिचे वडील बाबासो यांचा हळद शिजवायचा बॉयलर आहे. ट्रॅक्टरला जोडून तो या गावातून त्या गावात न्यायचा, ज्याची हळद काढून झाली त्याच्या रानात उभा करायचा, असा त्यांचा धंदा. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. बाबासो माणूस गमत्या. "आमी कंद खात न्हाई म्याडम, पर कंदानंच घर चालतंय," असं स्वतःच म्हणून स्वतःच हसतात.

एका रविवारी अनुजा मला बॉयलर बघायला घेऊन गेली. मधोमध पाण्याची मोठी टाकी, तिच्याखाली धडधडणारा जाळ. टाकीतून निघालेल्या नळ्या भोवतीच्या डब्यांत शिरलेल्या, आणि डब्यांत गच्च भरलेली हळद. वाफ कोंडली की टाकीच्या अंगाला बारीक थरथर सुटते. अनुजाचं काम वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे लक्ष ठेवायचं. काटा ठरल्या जागी आला की ती हात वर करायची, बाबासो नळी सोडायचे, आणि सगळं रान पांढऱ्या वाफेत बुडून जायचं. मग डबा उलथला की वाफाळणाऱ्या हळदीचा ढीग भुईवर पडायचा, केशरी, ओला, बघत राहावा असा. बायका फावड्यानं तो पसरायच्या आणि हसत एकमेकींना शिव्या द्यायच्या. मी चप्पल काढून त्या गरम मातीवर उभी होते. इतका चांगला रविवार माझ्या वाट्याला फार वेळा आलेला नाही.

तिथेच तिचा चुलता भेटला. त्याच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत आक्रसलेली होती. आदल्या हंगामात नळी निसटली आणि वाफ सरळ हातावर आली, एवढंच तो म्हणाला. अनुजा मात्र माझ्याशी पहिल्यांदाच लांबलचक बोलली. काटा आधी हळू चढतो, मग एकदम पळत सुटतो. माणूस त्या पळण्याच्या आत पोचला नाही तर भाजतो. जळणही लय जातं. हे सगळं नीट करता येईल, पण त्यासाठी आधी शिकायला पाहिजे. "मला मेकॅनिकलला जायचंय म्याडम," ती म्हणाली. "पप्पांला सांगितलंय. ते व्हय म्हणाल्यात."

इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीला गणित हवंच. ते नसलं की ते दार उघडत नाही. अनुजाचा सगळा जीव त्या एका विषयाला बांधलेला होता. मला तेव्हा हे फारसं काळजीचं वाटलं नाही, कारण पोरगी चांगली होती. फार हुशार म्हणणार नाही मी. चुका करायची, पण एकच चूक दोनदा करायची नाही.

विकलन शिकवायला मी फेब्रुवारीत घेतलं, सगळ्यांची नाराजी पत्करून. 'मॅडम, पोर्शन संपला म्हणून लिहून टाका की,' असं सुचवून झालं होतं. मी पहिल्या दिवशी फळ्यावर सूत्र लिहिलंच नाही. बॉयलरचा काटा काढला. पहिल्या मिनिटाला इथं, पुढच्या मिनिटाला इथं, त्याच्या पुढच्या मिनिटाला पार इथं. मग विचारलं, ह्या नेमक्या क्षणाला तो किती वेगानं चढतो आहे, सांगा. वर्गात गलका झाला. ज्या पोरांनी वर्षभर तोंड उघडलं नव्हतं ती भांडायला लागली, कारण काटा सगळ्यांनी बघितलेला होता. अनुजा उठून पुढे आली, फळ्यावर दोन बिंदू काढले, मग ते जवळ आणले, मग आणखी जवळ आणले, आणि माझ्याकडे वळून बघितलं. "असंच ना?" मी म्हटलं, असंच. त्यावर ती रागावली. खरंच रागावली. "मग हे आधी का न्हाई सांगितलं कुणी? जूनपासनं आमी काय करत होतो?"

पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांनी तिच्या रानातला काटा बघितलेला नाही, हे मी समजू शकते. पण जे रोज त्या रानावरून जातात त्यांचं काय?

आमच्या कॉलेजात अकरावीची वार्षिक परीक्षा 'बोर्डाच्या धर्तीवर' होते. म्हणजे आमच्याच पोरांची, आमच्याच वर्गात, आमच्याच शिक्षकांनी घेतलेली परीक्षा, पण थाट सगळा बोर्डाचा. दारात झडती, बारकोडच्या जागी कागदाची चिठ्ठी. ज्याचा विषय त्यानं त्या पेपरला वर्गात फिरकायचं नाही. उत्तरपत्रिकेवर ओळख पटेल अशी खूण केली तर गैरप्रकार. जिथे प्रत्येकाचं अक्षर प्रत्येक शिक्षक ओळखतो, तिथे ओळख पटण्याची भीती! पोरांना बोर्डाची सवय व्हावी म्हणून हे करतो, असं सांगतात. सवय व्हावी म्हणून शिकवत का नाही, हे कुणी विचारत नाही.

गणिताच्या पेपरच्या सकाळी बाबासोंच्या बॉयलरवर माणूस कमी होता. अनुजा उजाडताना काट्यापाशी उभी राहिली आणि तिथून थेट परीक्षेला आली. हात धुऊन, राख लावून, पुन्हा धुऊन. मार्चचा उकाडा, वर्गात पंखा एक. पेपर हातात आला, तळव्याला घाम सुटला, आणि घामाबरोबर रेषांतली हळद पुन्हा वर आली. पहिल्या पानावर अंगठा उमटला, दुसऱ्या पानावर तीन बोटं. पुढचं मला तिनंच सांगितलं.

पर्यवेक्षक तिच्यापाशी थांबले. "हे काय? देवाची हळद लावलीस का पेपरला?"

"न्हाई सर. बॉयलरवर व्हते सकाळी."

"मग खूण केलीस?"

"खूण कशाला करीन सर? हाताची हाय ती."

त्यांनी उत्तरपत्रिका उचलली. तिला परीक्षाप्रमुखांच्या खोलीत नेलं. तिथे तिच्याकडून लेखी खुलासा लिहून घेतला, माझ्या हाताला हळद असल्यामुळे वगैरे, आणि तोही दोनदा, कारण पहिल्या खुलाशाच्या कागदावरही बोटं उमटली होती! मग तिला नवी उत्तरपत्रिका दिली. जुनी 'दूषित' झाली होती म्हणे. सोडवलेलं सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहायचं. वेळ मात्र वाढवून मिळाला नाही, कारण बोर्डात तसा वाढवून मिळत नाही. शेवटचे मोठे प्रश्न विकलनावर होते. तिला येत होते. हात लावायला वेळ उरला नाही.

मी स्टाफरूममध्ये त्या पर्यवेक्षकांना गाठलं. सगळ्यांच्या देखत विचारलं, "सर, तुमच्या रानात यंदा हळद आहे ना?" ते म्हणाले, "आहे की, चांगली आलीय." मी म्हटलं, "मग हळदीचा हात तुम्हाला ओळखता येत नाही?" त्यावर ते चहाचा कप ठेवत म्हणाले, "येतो ना मॅडम. पण आम्ही परीक्षेला हात धुऊन जात होतो." आणि खोलीत हशा पिकला. तो हशा माझ्या कानातून अजून गेलेला नाही. ज्या हळदीवर त्यांचं घर, त्यांची मोटारसायकल, त्यांच्या पोरांच्या फिया चालतात, तिचा डाग एका पोरीच्या पेपरवर त्यांना चालत नव्हता. मला हात उगारावासा वाटला होता, हेही सांगून टाकते.

अनुजा नापास झाली. अगदी थोड्या मार्कांनी.

मी मूळची साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचं घर, तिथल्याच कॉलेजात माझी अकरावी झाली, आणि त्या अकरावीत मी गणितात सपशेल नापास झाले होते. अनुजासारखी थोड्यानं नाही, चांगली तोंडावर पडले होते. आमचे गणिताचे सर उंचेपुरे, तंबाखू खाणारे, कुणाला फारसे न आवडणारे. त्यांनी पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी कुठं चुकलीस ते शोध. मग रडायचं ते रड." त्या उन्हाळ्यात मी गच्चीच्या सावलीत बसून तो पेपर इतक्यांदा सोडवला की आईला वाटलं पोरीला वेड लागलं. खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजायची, वर तापलेला कट्टा पाठीला चटके द्यायचा, आणि वहीत कधीतरी, कोणत्याही खटपटीशिवाय, एक गणित सुटायचं. त्या सुटण्याची चव मला त्या उन्हाळ्यानं लावली. जूनमध्ये फेरपरीक्षा दिली, पास झाले. मला कुणी म्हणालं नाही की तुला झेपणार नाही, सोड. नापास होणं माझं होतं आणि ते माझ्याजवळच राहू दिलं गेलं.

आमच्या प्राचार्यांचा शंभर टक्के निकाल कसा लागतो हे मी आता जवळून बघितलं आहे. त्यात शिकवण्याचा भाग फार थोडा आहे. अकरावीच्या निकालानंतर ज्यांचं गणित कच्चं त्यांच्या पालकांना फोन जातात. पालक येतात. त्यांना सांगितलं जातं की गणित सोडून भूगोल घेतला तर मुलाला सरळ बारावीत घेऊ, नाहीतर अवघड आहे. पालक सही करतात. पडण्याची शक्यता असलेलं प्रत्येक पोर अशा रीतीनं आधीच बाजूला काढलं की बोर्डाला गणितात पडायला उरतंच कोण? मग फ्लेक्स लागतो. फ्लेक्स बघून पुढच्या वर्षीचे प्रवेश होतात. प्रवेश झाले नाहीत तर तुकडी बंद पडेल, शिक्षक घरी बसतील, ही प्राचार्यांची भीती खोटी नाही. मला ती कळते. कळते म्हणून राग कमी होत नाही.

बाबासो आले ते इस्त्रीचा सदरा आणि पांढरी टोपी घालून. खुर्ची दिली तर तिच्या कडेला टेकले. मी तास आटोपून प्राचार्यांच्या केबिनमध्ये आगंतुकासारखी घुसले होते. अनुजा बाहेर व्हरांड्यात उभी होती. तिला आत कुणी बोलावलं नाही.

प्राचार्य फार गोड बोलतात. "मुलगी गुणाची आहे हो तुमची. पण गणित तिला झेपायचं नाही. बोर्डाला वर्ष वाया गेलं तर? मुलीची जात, पुन्हा कोण बसवणार? भूगोल घेऊ द्या. मार्कही पडतील."

"सर, तिचा पेपरात वेळ गेलाय," मी मध्ये बोलले. "फेरपरीक्षा घ्या. ती पास होईल. आणि तिला इंजिनिअरिंगला..."

"मॅडम," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुम्ही तासावर आहात ना? तास घ्या." मग बाबासोंकडे वळून हसले. "भूगोलावर लोक कलेक्टर होतात, पाटील."

ते मगदूम होते. तेवढंसुद्धा यांना ठाऊक नव्हतं. पण कलेक्टर हा शब्द ऐकून बाबासोंचा चेहरा असा उजळला की माझं पुढचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. "तुमी म्हणशीला तसं, सर," ते म्हणाले. "तुमी काय पोरीच्या वाइटाचं सांगताय व्हय?" आणि त्यांनी सही केली. सरत्या हंगामाच्या हळदीनं अजून पिवळा असलेला अंगठा त्या कागदाच्या कोपऱ्यावर स्पष्ट उमटला. त्या कागदाला कुणी दूषित म्हणालं नाही.

बाहेर अनुजानं मला एवढंच म्हटलं, "मी सोडवलं असतं वो, म्याडम." ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी फ्लेक्सवर अनुजाचा फोटो होता. भूगोल विषयात महाविद्यालयात प्रथम. बाबासोंनी फ्लेक्सचा फोटो काढून मला मोबाइलवर पाठवला, सोबत हात जोडल्याची चित्रं. मी काय उत्तर देणार? कप्पाळ! महिन्याभरानं ते स्वतः माझ्या सांगलीच्या खोलीवर आले. हातात हळकुंडांची पिशवी होती, ती त्यांनी दाराशीच ठेवली. "म्याडम, इंजिनेरला गणित लागतंय म्हनं," ते उभ्या उभ्या म्हणाले. "हितं सांगलीत चौकशीला आलो तवा कळलं. मला कुनी सांगितलंच न्हाई वो. सर कलेक्टर म्हणाले." केबिनमध्ये माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं, आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन ते मीही पुरं केलं नव्हतं. मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. इतका गमत्या माणूस, पण त्या दिवशी त्याला एकही गंमत सुचली नाही.

अनुजा आता सांगलीत बी.ए. करते. हंगामात बॉयलरवर असते, काट्याकडे बघते. कधी एसटीत भेटली तर आम्ही पावसाबद्दल, हळदीच्या भावाबद्दल, चुलत्याच्या हाताबद्दल बोलतो. गणिताबद्दल ती बोलत नाही, आणि मी तो विषय काढत नाही. चांगली शिकू शकली असती असं लोक म्हणतात तेव्हा मला त्या 'असती'चा फार संताप येतो. तिला शिकू दिलं नाही, असं सरळ म्हणा की.

यंदा तिची धाकटी बहीण अक्षता अकरावीला होती, माझ्याच वर्गात. तिच्या पेपरला कुणी हात लावला नाही, वेळ गेला नाही, काही झालं नाही. ती आपल्या आपण गणितात नापास झाली. अभ्यास कमी पडला, बस्स. निकालाच्या दिवशी ठरल्याप्रमाणे फोन गेले. आणि या वेळी मला प्राचार्यांनी मुद्दाम केबिनमध्ये बसवून घेतलं. "मॅडम, तुमचं ऐकतात ही माणसं. तुम्हीच समजावा." जूनमध्ये मला पुन्हा बोलावायचं की नाही ते त्यांच्या हातात आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

एप्रिलचा शेवट, वीज गेलेली, वाऱ्यासाठी दार सताड उघडं. बाहेर बाकावर आणि भिंतीशी पालक आपापल्या पोरांसकट बसले होते, नंबराची वाट बघत. मगदूम म्हणून पुकारा झाला. बाबासो आले नव्हते. अनुजा आली, अक्षताचा हात धरून.

"वडील?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी आलेय, सर. थोरली बहीण."

"अगं, ओळखलं की. आमची गुणवंत विद्यार्थिनी! पण सही पालकांची लागते."

"सही आणली न्हाई. हिला आणलीय."

प्राचार्य हसले. मग त्यांनी तेच सगळं सांगितलं, त्याच गोड आवाजात. झेपायचं नाही, वर्ष वाया जाईल, भूगोल बरा, तुझं बघ कसं छान झालं. अनुजा सगळं ऐकून घेत होती.

"आणि बोर्डाला नापास झाली तर?" त्यांनी विचारलं.

"तर पुन्यांदा बसंल."

"आणि आमचा निकाल?"

"निकाल तिचा हाय, सर," अनुजा म्हणाली. "तुमचा कवापासनं झाला?"

बाहेर बाकावर बसलेले दोघं-तिघं दाराशी सरकले. प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, सांगा की काहीतरी."

मी अक्षताकडे वळले. "तुला गणित घ्यायचंय?"

इतक्या वर्षांत त्या खोलीत हा प्रश्न कुणी पोरांना विचारलेला मी ऐकला नव्हता. अक्षता गांगरली. तिनं बहिणीकडे बघितलं.

"माझ्याकडं नगो बघू," अनुजा म्हणाली. "म्याडमनी तुला इचारलंय."

"घ्यायचंय," अक्षता म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, आणि या वेळी जरा जास्तच मोठ्यानं. "मला घ्यायचंय."

दाराबाहेर, भिंतीशी बसलेल्या एका बापानं मान वळवून आपल्या पोरीकडे बघितलं. पोरगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. त्यानं तिच्या खांद्याला हात लावला.

"आन् तुला गं?"